आतल्या कडीचा दुसरा भाग

‘आतली कडी’चा दुसरा भाग बाजारात आला त्या सकाळी ऑफिसात केक कापला आणि सगळ्यांनी तो एकमेकांच्या तोंडाला फासला. माझ्याही गालाला लागला. मग जो तो आपापल्या स्क्रीनसमोर बसून जगभरातली मतं वाचायला लागला. कोणी मोठ्याने वाचून दाखवत होतं, कोणी वाचून गप्प बसत होतं. मी गाल पुसला आणि फोन पालथा ठेवला. जगाच्या मताचं मला फारसं काही पडलेलं नव्हतं. मला माझ्या ताईचं मत हवं होतं, आणि ताई माझ्याशी बोलत नव्हती.

आमचा गेम घाबरवणारा आहे. एक मुलगी एका घरात अडकलेली असते. हातात टॉर्च, त्याची बॅटरी कायम शेवटच्या घटका मोजत असते. घरात आणखी कोणीतरी आहे, तिला आम्ही ‘पाहुणी’ म्हणतो. पाहुणीशी लढता येत नाही. कपाटात शिरायचं, श्वास रोखायचा, ती गेली की पुढे सरकायचं आणि जिवंत बाहेर पडायचं, एवढाच खेळ. अख्ख्या घरात एकच खोली अशी, की जिथे पाहुणी येत नाही. ते स्वयंपाकघर. तिथे जाऊन आतून कडी लावायची, जरा टेकायचं आणि मन घट्ट करून पुन्हा बाहेर पडायचं. गेमचं नाव त्या कडीवरूनच पडलं.

पहिला भाग आम्ही दोघी बहिणींनी घरातल्या मागच्या खोलीत बसून केला होता. भिंती, दारं, जिने आणि अंधार माझ्याकडे. आवाज ताईकडे. खरं सांगायचं तर माझी पाहुणी दिसायला काही खास नव्हती. एक उंच राखाडी काहीतरी, त्याला धड हात नाहीत. ती भीतिदायक झाली ती ताईमुळे. ओली चादर पिळायची, लोखंडी स्टूल फरशीवरून ओढायचं, लोकरीच्या मफलरमधून श्वास घ्यायचा आणि हे सगळं माइकपुढे तासन्‌तास करायचं, हे तिचं काम. आई दारात उभी राहून विचारायची, की चादर पिळून झाली असेल तर मी ती वाळत घालू का.

आणि रोज सकाळी ताई गेम पहिल्यापासून खेळून बघायची. आवाज तपासायला. तिच्यासारखं खेळताना मी कोणाला पाहिलेलं नाही. ती कधीच पळायची नाही. प्रत्येक दारापाशी आधी टॉर्च घालवायची, अंधारात उभी राहून कान द्यायची आणि मगच दार लोटायची. स्वयंपाकघरात शिरली की थेट फ्रिजपाशी जायची आणि भिंतीकडे तोंड करून थांबायची. तो घरघराट आमच्याच फ्रिजचा होता. मी विचारलं होतं, की बाई, फ्रिजची कसली आलीये भीती?

“फ्रिज बंद पडला, की मगच कळतं तो इतका वेळ चालू होता,” ती म्हणाली होती. “भीती तिथून सुरू होते.”

लोकांनी तो गेम डोक्यावर घेतला. मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला बोलावलं. दुसरा भाग करायचा, मोठा करायचा, हाताशी भरपूर माणसं. मी हवेत होते. ताईने घरी येऊन चपला काढल्या आणि नाही म्हणाली.

“ती सुटली ना?” ती म्हणाली. “शेवटी दार उघडून बाहेर पडली ना ती? मग तिला पुन्हा आत कशाला ढकलतेस?”

मी म्हटलं, लोक मागतायत. ती म्हणाली, लोक मागणारच. मग माझं तोंड सुटलं, तिचंही सुटलं, आणि आमच्या घरात एकदा तोंडं सुटली की कोणी मागे हटत नाही. ताईने आपले माइक गुंडाळले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तिथे एका दवाखान्यात ती लोकांची श्रवणतपासणी करते. भुतांना आवाज देणारी बाई आता म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कानात यंत्रं बसवते. आई दोघींकडे येऊन-जाऊन असते, पण इकडचा शब्द तिकडे करत नाही. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणते, “मी काय टपालखातं आहे?” आधी फोन कोणी करायचा यावर आम्ही दोघींनी काही वर्षं काढली. हट्टीपणात आम्ही एका माळेचे मणी आहोत.

तर केक संपायच्या आत मतं यायला लागली होती. सुरुवातीला कौतुकच कौतुक. भिंतीवरची ओल खरी वाटते, जिन्याच्या कठड्यावरची धूळ खरी वाटते, पाहुणीला आता बोटं आहेत आणि तीही खरी वाटतात. साहेब मऊ बुटांवर टेबलाटेबलांमधून हिंडत होते आणि सगळ्यांच्या पाठी थोपटत होते. आमचे साहेब वाईट नाहीत. त्यांना प्रत्येक गोष्ट मोठी हवी असते, एवढंच. घर मोठं, पाहुणी मोठी आणि आवाज तर फारच मोठा. ताईच्या जागी त्यांनी वादकांचा अख्खा ताफा आणला होता.

मग चष्मेवाल्याचा व्हिडिओ आला. हा एक जाड भिंगांचा गृहस्थ आहे. तो भीतीचे गेम खेळतो आणि त्यावर बोलतो. त्याने नाक मुरडलं, की बाकीचे नाकं मुरडायला रांगेत उभे राहतात. पहिला भाग लोकांपर्यंत नेला तोही त्यानेच. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. तो आधी बराच वेळ भिंतींचं कौतुक करत राहिला, तेव्हाच मी पुढचं ओळखलं.

“पाहुणी यायच्या आधी व्हायोलिनवाले येऊन सांगून जातात, की आता ती येतेय,” तो म्हणाला. “मी घाबरायची वाट बघत बसलो होतो. शेवटी उठून चहा टाकला.”

त्या दिवसापासून वारं फिरलं. ज्यांनी ओलीचं कौतुक केलं होतं त्यांनाही आता ओल नुसतीच दिसायला लागली. ‘देखणा पण बहिरा’ असं कोणीतरी लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं. ऑफिसात लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ती घरं माझी होती. पण मनातल्या मनात मी प्रत्येक शिवीला मान डोलवत होते. ताई असती तर, हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा गिळलं असेल. घरी गेले की आई विचारायची, “काय गं, नापास का?” आणि मी म्हणायची, निकाल अजून यायचाय.

खरंच यायचा होता. माझा निकाल वेगळा होता.

आमच्याकडे एक नकाशा असतो. खेळणाऱ्याने परवानगी दिली असेल, तर तो घरात कुठे गेला, कुठे थांबला, कुठे मेला हे आम्हाला दिसतं. त्याचं नाव दिसत नाही, गाव दिसत नाही. घराचा आराखडा आणि त्यावर सरकणारा एक ठिपका; तोंड जिकडे असेल तिकडे त्याला टोक, टॉर्च लावलेला असला की तो उजळ. लोक कुठे अडतात हे बघून आम्ही दारं आणि वाटा सुधारतो. हजारो ठिपके असतात आणि सगळे मुंग्यांसारखे पळत असतात. टीका सुरू झाल्यावर साहेबांनी मला सांगितलं, की लोक कुठे रेंगाळतात ते बघ, तिथे काहीतरी चांगलं असेल. म्हणून मी स्वयंपाकघरात जास्त वेळ थांबणारे ठिपके तेवढे वेगळे काढले.

आणि मला ती दिसली.

सकाळची वेळ होती, मी नुकतीच येऊन बसले होते. एक ठिपका जिन्यावरून सावकाश खाली आला. दारापाशी थांबला. टॉर्च घालवला. थांबून राहिला, मग आत गेला. पुढच्या दारापाशी तेच. त्याच्या पुढच्या दारापाशीही तेच. एकदाही पळाला नाही. स्वयंपाकघरात शिरला, थेट फ्रिजपाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या हातातल्या चहावर साय धरली, तरी तो तिथेच होता.

मी कोणालाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लवकर आले. ठिपका त्याच वेळी आला, तसाच चालला, तसाच उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही. मग माझं ऑफिसला लवकर येणं ठरूनच गेलं. चहा घ्यायचा, नकाशा लावायचा आणि ताई आली की तिच्यासोबत घरभर फिरायचं. ती थांबली की मी थांबायची. कधीकधी मी हळूच बोलायचीही. इथे बघ, ही खुंटी मी तुझ्या रेनकोटसाठी ठेवलीये. हा जिना करताना तू फार आठवलीस, वरून तिसरी पायरी करकरायला हवी होती, यांनी तिथे बासरी घातली. ठिपका काही बोलायचा नाही. पण ताई खेळताना बोलत नसेच.

मी इतकी खूश होते, की आईला सांगितलं. ताई रोज खेळते म्हटलं, रोज सकाळी.

आई भाजी निवडत होती. “सकाळी?” ती म्हणाली. “सकाळी तर ती कामाला निघालेली असते.”

“निघायच्या आधी खेळत असेल.”

“तू म्हणतेस तर असेल बाई,” आई म्हणाली आणि देठं गोळा करायला लागली. मी पुढे विचारलं नाही. मला नको असलेलं उत्तर येईल असं वाटलं, की मी विचारतच नाही.

मग मी एक गोष्ट केली. दर आठवड्याला आम्ही गेममध्ये लहानसहान दुरुस्त्या पाठवतो. त्यात मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी एक लोखंडी स्टूल ठेवलं. खेळणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून बसले. ठिपका स्वयंपाकघरात आला, फ्रिजकडे निघाला आणि स्टुलापाशी थांबला. रोज थांबत नसे, त्या दिवशी थांबला. मागे सरला, पुन्हा पुढे आला आणि त्याला वळसा घालून आपल्या जागी जाऊन उभा राहिला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडले.

त्यानंतर मी हात धुवूनच मागे लागले. साहेबांना म्हटलं, स्वयंपाकघरातली वाद्यं काढा. ते म्हणाले, मग तिथे काय उरेल? मी म्हटलं, फ्रिज. पहिल्या भागातला ताईचा, मधेच बंद पडणारा घरघराट अजून आमच्याकडे होता, तो आणून घातला. मग जिन्यावरची बासरी काढली. मग दारांमागची व्हायोलिनं काढली. प्रत्येक वेळी साहेबांना लोकांच्या टीकेचे दाखले दिले, पण माझ्या डोळ्यांपुढे लोक नव्हतेच. मी तिला आवडेल असं घर लावत होते. बऱ्याच दिवसांनी माहेरी येणार असलेल्या मुलीची खोली आई लावते ना, तसं.

आणि बघा गंमत. लोकांना ते आवडायला लागलं. चष्मेवाल्याने दुसरा व्हिडिओ केला. तो म्हणाला, की या लोकांनी काय केलंय कोणास ठाऊक, पण आता स्वयंपाकघरातून पाय निघत नाही. फ्रिज बंद पडला आणि मी खुर्चीतून उडालो. शेवटी तो म्हणाला, की हे घर कोणाची तरी वाट बघतंय असं वाटतं. झालं, वारं पुन्हा फिरलं. साहेबांनी पुन्हा केक मागवला. माझ्या पाठीवर इतक्या थापा पडल्या, की पाठ दुखायला लागली. मी हसत होते, पण माझं सगळं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे होतं. आता ती फोन करेल असं मला अगदी नक्की वाटत होतं. इतकं सगळं तिच्या मनासारखं झाल्यावर कुठली बहीण गप्प बसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसले, तर स्वयंपाकघरात दोन ताया उभ्या होत्या.

दोघी फ्रिजपाशी, दोघी भिंतीकडे तोंड करून. मी बाहीने स्क्रीन पुसली. तेवढ्यात दारात तिसरी आली, तिने टॉर्च घालवला, थांबली, आत आली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण स्वतःच्या गेमला मी पहिल्यांदाच घाबरले.

आमच्यात एक प्रोग्रामर आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो यंत्रांना शिकवतो. मी त्याला हाक मारली आणि म्हटलं, स्वयंपाकघरात गर्दी झालीये, बघ जरा. तो आला, वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

“अरे, हा तर आपला पोपट,” तो म्हणाला. “हे नकाशावर दिसायला नकोत. हे खेळणारे नाहीत अशी खूण लावायची राहिली वाटतं. एकच होता म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. काल मी आणखी दोन सोडले.”

पोपट म्हणजे काय, ते त्याने मला उभ्या उभ्या समजावलं. रोज सकाळी एक प्रोग्राम आपला आपण घरभर फिरून येतो. सगळी दारं उघडतात ना, कुठे अडकायला होत नाही ना, हे बघायला. त्याला चालायचं कसं ते माणसाच्या खेळावरून शिकवावं लागतं. आधी मास्तरने ऑफिसातल्या मुलांचा खेळ त्याला दिला, तर तो धावत जाऊन भिंतींवर आपटायला लागला. मग त्याला पहिल्या भागाच्या जुन्या फायली सापडल्या, त्यात कोणाचा तरी रोजचा खेळ साठवलेला होता.

“तुझ्या बहिणीचा,” मास्तर म्हणाला. “इतकं सावकाश, इतकं नीट कोणी खेळतच नाही गं. दारापाशी थांबते काय, टॉर्च घालवते काय. याला त्यातलं काही कळत नाही, हा नुसता तसं करतो.”

“स्टुलापाशी थांबला होता तो,” मी म्हटलं.

“नवीन वस्तू दिसली की थांबतो. वाट आहे का ते बघतो.”

मी त्याला नको नको ते बोलले. खूण कशी लावली नाही, कामात लक्ष कसं नसतं, असली माणसं ठेवतं कोण. बिचारा ऐकून घेत राहिला. एका खुणेसाठी एवढं आकाशपाताळ एक करायचं कारण त्याला कळत नव्हतं आणि मी ते सांगणार नव्हते. शेवटी त्याने हळूच विचारलं, की तिघांनाही बंद करू का. मला ती इतकी हवी होती, की तिची नक्कलसुद्धा बंद करवेना.

“दोन बंद कर,” मी म्हटलं. “एक राहू दे.”

घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. माझ्या हातातली पिशवी तिने काढून घेतली आणि मला खुर्चीवर बसवलं.

“यंत्राला विचारत बसलीस इतके दिवस,” ती म्हणाली. “मला विचारायचंस.”

“तू सांगितलं असतंस?”

“नसतं सांगितलं. तिचं मत मी कशाला सांगू? पण जा तिच्याकडे, एवढं म्हटलं असतं.”

दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मी रीतसर वेळ घेऊन गेले. टेबलामागच्या मुलीने विचारलं, काय तक्रार आहे, कमी ऐकू येतं का. मी म्हटलं, एकाच माणसाचं ऐकू येत नाही, बाकी ठीक आहे. तिला असल्या विनोदांची सवय असावी. तिने ‘कमी ऐकू येतं’ असं लिहून घेतलं आणि मला बाकावर बसवलं. शेजारी एक आजोबा होते, ते प्रत्येक नाव पुकारलं की उठून उभे राहत होते.

मग दार उघडलं आणि दारात ताई होती. पांढरा कोट, केस आखूड कापलेले, कानामागे पेन. हातातल्या कागदावर तिने माझं नाव आधीच वाचलेलं असणार, कारण ती दचकली नाही.

“या,” ती म्हणाली. टेबलामागची मुलगी बघत होती.

आतल्या खोलीत एक पेटीएवढी खोली होती, जाड दाराची, भिंतींना सगळीकडून फोम लावलेला, समोर लहानशी काच. काचेपलीकडे तिचं यंत्र. तिने मला आत बसवलं, कानातलं काढायला सांगितलं आणि माझे केस मागे सारून डोक्यावर हेडफोन चढवले. तिची बोटं गार होती. लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हाही गारच असायची. माझ्या हातात एक बटण देऊन तिने दार लावलं आणि बाहेरचं सगळं जग बंद झालं. मी आयुष्यभर खोल्या बांधत आलेय, पण इतकी शांत खोली मला कधी जमलेली नाही. मला माझंच काळीज ऐकू येत होतं.

“आवाज ऐकू आला, की बटण दाबायचं,” हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. “कितीही बारीक असला तरी. नाही दाबलं, तर मी तोच आवाज थोडा वाढवून पुन्हा देते. मग दाबायचं.”

बारीक शिट्ट्या सुरू झाल्या. मी दाबत होते. काही वेळा शिट्टी नसतानाही दाबलं. उगीच, तिला बरं वाटावं म्हणून.

“अंदाजाने दाबू नकोस,” ती म्हणाली. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं मला तेव्हाच कळलं.

उजवा कान झाला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे ती मान खाली घालून बसली होती.

“तुझ्या बाजूचा माइक मी बंद ठेवलाय,” ती म्हणाली. “तू बोललीस तरी मला ऐकू येणार नाही. तू बोलायला लागलीस, की मला बोलता येत नाही.”

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

“आईने सांगितलं मला, तू काय समजून बसली होतीस ते. टपालखातं उघडलंय तिने.” तिने कानामागचं पेन काढून हातात घेतलं. “आणला होता मी गेम. आला त्याच दिवशी आणला. पहिलं दार उघडलं, बाहेरची खोली बघितली. फार सुंदर केलीयेस. पण पुढे गेले नाही. मला भीती वाटली.”

मला हसू फुटलं. चादर पिळून अर्ध्या जगाची झोप उडवणारी ही बाई.

“हसू नकोस. पहिला भाग मी कधी एकटीने खेळलेच नव्हते. तू शेजारी बसलेली असायचीस, पाय वर घेऊन, चहा सांडत. म्हणून मला पाहिजे तेवढं अंधारात उभं राहता यायचं. आता शेजारी कोणी नव्हतं. मी बंद करून ठेवून दिला.”

माझे डोळे भरून आले होते आणि त्या पेटीत पुसायलाही काही नव्हतं. पलीकडे तिने यंत्राची आवाज कमी-जास्त करायची खुंटी पार खाली नेलेली मला दिसली.

“डावा कान,” ती म्हणाली. “आता शिट्टी नाही, बोलणं. पद्धत तीच.”

मग सगळ्यात खालच्या आवाजात, श्वासाहूनही बारीक, माझ्या डाव्या कानात आलं, “तुझी आठवण येते.”

मला स्वच्छ ऐकू आलं. अंगठा बटणावर होता. मी दाबलं नाही.

तिने वाट पाहिली, खुंटी जराशी वर नेली आणि पुन्हा म्हणाली. आता ते कुजबुजल्यासारखं होतं. तिचा आवाज थोडा घोगरा झालाय हे मला त्या वेळी कळलं. मी दाबलं नाही. तिने आणखी वाढवलं. आता ती अगदी शेजारी बसून बोलत असल्यासारखी वाटली. मी डोळे मिटून घेतले आणि दाबलं नाही.

ऐकू येत असून न दाबणारी माणसं तिला रोज भेटत असतील. तो तिचा धंदाच आहे. मी डोळे उघडले तेव्हा ती काचेतून माझ्या अंगठ्याकडे बघत होती, मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने कोटाच्या बाहीने नाक पुसलं, खुंटी आणखी एकदा वर सरकवली आणि पुन्हा म्हणाली.